जंगलातले तेल आणि कामगाराची भाकरी



आनेकल रोड स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेल्या रविवारी आम्हा चार मित्रांत मोठी खडाजंगी झाली. चौघेही रेल्वेतले, दोघे आता निवृत्त. तीस वर्षे एकाच झेंड्याखाली धरणे धरली, गेट मीटिंगा घेतल्या. पण अभयारण्यांच्या पोटात आणि कडेला तेलाच्या विहिरी खोदू द्याव्यात का, या प्रश्नावर तिघे एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला झालो.

आमच्यातले अण्णा तर अर्धा चहा टाकून उठून गेले. त्यांचा मुलगा एका तेलक्षेत्रात ठेकेदाराच्या रिगवर कामाला आहे. जाताना म्हणाले, "तू युनियनचा सेक्रेटरी ना? मग माझ्या पोराच्या पोटावर पाय का देतोस?"

हा प्रश्न टपरीवर सोडून देण्यासारखा नाही, म्हणून त्याचे उत्तर इथे देतो.

मित्रांचे म्हणणे तीन मुद्द्यांचे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते, तेव्हा घरचे तेल का सोडायचे? खोदकामाने रोजगार मिळतो. आणि हत्ती, डॉल्फिन ही काळजी पोट भरलेल्यांची.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, हे मी आधीच कबूल करतो. मोटारीतून बन्नेरघट्ट्याची सफारी करणाऱ्याला वाघ दिसतो; त्याच जंगलाच्या कडेला हत्तीने तुडवलेल्या नाचणीच्या शेतात डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी दिसत नाही. जंगल वाचवण्याच्या नावाखाली आदिवासींना हाकलले गेले, तेही खोटे नाही. पण म्हणून जंगल कंपन्यांच्या ताब्यात दिले, तर त्या शेतकऱ्याचे आणि आदिवासीचे काय भले होणार?

आसामातले बागजान पाहा. तिनसुकिया जिल्ह्यात, दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाला लागून ऑइल इंडियाची ५ नंबरची वायूविहीर. २७ मे २०२० रोजी दुरुस्तीचे काम चालू असताना ती फुटली. काम बाहेरच्या ठेकेदार कंपनीच्या रिगवर चालले होते. ९ जूनला आग लागली आणि अग्निशामक दलाचे दोन जवान मेले. हजारो गावकरी घरदार सोडून छावण्यांत गेले. शेजारच्या मागुरी-मोटापुंग बिलात, म्हणजे तिथल्या मोठ्या तळ्यात, मासेमारी करून जगणाऱ्यांची रोजी बुडाली. आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. आता सांगा, तिथे मेले कोण? कामगार. उठवले कोणाला? शेतकऱ्याला आणि कोळ्याला. मग ही काळजी पोट भरलेल्यांची कशी?

आता रोजगार. विहीर खोदताना माणसे लागतात, पण खोदून झाली की रिग पुढच्या जागी जाते. मागे राहतात मोजके पहारेकरी आणि ऑपरेटर. एवढ्यासाठी जंगल कायमचे जाते आणि नोकरी मात्र हंगामी राहते. आनेकलकरांना हे नवीन नाही. बन्नेरघट्ट्याभोवतीचा संरक्षित पट्टा २०१६ च्या मसुद्यात सुमारे २६९ चौरस किलोमीटर होता. २०२० च्या अंतिम अधिसूचनेत तो सुमारे १६९ वर आला. शंभर चौरस किलोमीटर सुटले! त्यातून आपल्यापैकी किती जणांची पोरे कायम नोकरीला लागली, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत मोजावे.

अमेरिकेतही हाच वाद झाला. अलास्काच्या आर्क्टिक अभयारण्यात खोदकाम व्हावे म्हणून २००१ साली टीमस्टर्स या बलाढ्य युनियनने नोकऱ्यांच्या आशेने सरकारची बाजू घेतली. २०१७ च्या कायद्याने दार उघडले. जानेवारी २०२१ च्या लिलावाला एकही मोठी तेल कंपनी आली नाही आणि जानेवारी २०२५ च्या लिलावात तर एकही बोली लागली नाही. युनियनने आपली पत खर्च केली, पण वीस वर्षांत कामगाराच्या हाती काय आले?

राहिला परदेशी तेलाचा मुद्दा. तेल वाचवायचे असेल तर रेल्वेवाल्याने आधी आपल्या रुळांकडे पाहावे. १९५०-५१ साली देशातला ८० टक्क्यांहून अधिक माल रेल्वेने जात असे. आज एक-तृतीयांशही जात नाही. बाकीचा ट्रकवर डिझेल जाळत जातो. तो माल परत रुळावर आणा, भरती सुरू करा, रिकाम्या जागा भरा. तेलही वाचेल आणि रोजगारही कायमचा मिळेल.

इथे माझाही दोष सांगतो. कॅसलरॉक ते कुळे या घाटातल्या दुहेरीकरणाला गोव्यातल्या लोकांनी विरोध केला, तेव्हा मीही "रेल्वे म्हणजे प्रगती" असे म्हणून त्यांना हसलो होतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कामाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, तेव्हा मी निकालाची माहिती नीट समजून घेतली. हा मार्ग कोणाच्या कोळशासाठी रुंद होत होता, हे मी आधी विचारलेच नव्हते. आपल्या खात्याचे काम म्हणून डोळे मिटणे हा कामगारधर्म नव्हे.

म्हणून युनियनची मागणी अशी असावी : राष्ट्रीय उद्यानांत आणि त्यांच्या कडेला नवे खोदकाम नको. चालू तेलक्षेत्रांतली ठेकेदारी बंद करून कामगारांना कायम करा. जुन्या, निकामी विहिरी सुरक्षितपणे बुजवण्याचे काम हाती घ्या. त्याला रिगवरचेच कुशल हात लागतात.

अण्णा, तुमच्या पोराच्या पोटावर पाय मी देत नाही. तो देतो ठेकेदार, जो त्याला ना कायम करतो ना सुरक्षेची हमी देतो. त्या ठेकेदाराविरुद्ध गेटवर उभे राहायचे असेल तर पहिला झेंडा मी धरीन. पण त्याच्या नफ्यासाठी जंगल मागायला मी येणार नाही. रविवारी टपरीवर या. तुमचा अर्धा चहा बाकी आहे.