सीटखालचं ते फडकं फेकून द्या

तुमच्या गाडीच्या सीटखाली एक फडकं आहे. बहुतेक जुन्या बनियनचं. शेवटचं कधी धुतलं, ते तुम्हालाही आठवत नसेल. रोज सकाळी त्याचेच टाकीवर दोन हात मारायचे, गाडी चकाचक, निघालो कॉलेजला. थंडीत तर विचारूच नका, गार पाण्यात हात कोण घालणार? पण गाडीचा रंग घालवायचा याहून सोपा उपाय नाही.

हिवाळ्यात सोलापुरात हवा कोरडी, रस्ते धुळीचे. त्यात उसाचं गाळप सुरू. कारखान्याच्या आसपास राहत असाल तर बगॅसची काळी राख गाडीवर असतेच. पहाटे दव पडलं की हे सगळं चिकटून बसतं. धुळीतले वाळूचे कण लोखंडी खिळ्यापेक्षा कठीण असतात. आणि रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून पातळ. त्यावर कोरडं फडकं घासणं म्हणजे पॉलिश पेपर मारणंच की! खोटं वाटतंय? एखाद्या काळ्या गाडीची टाकी उन्हात तिरकी बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतील.

"मग काय, रोज पाइप लावायचा?" अजिबात नाही. आपलं पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून येतं आणि चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाची या शहराला सवय आहे. अशा गावात गेटसमोर पाइप सोडून कार धुणाऱ्यांचा मला रागच येतो. दुचाकीला दोन बादल्या पुरतात, कारला चार. आधी मगाने वरून पाणी सोडून धूळ भिजू द्या, वाहू द्या. मग एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवा, आणि चाकं सगळ्यात शेवटी. कपड्यांची पावडर नको, तिने मेणाचा थर निघून जातो. थंडी आहे म्हणून काचेवर कढत पाणी तर चुकूनही ओतू नका, तडकेल. कोमट चालेल.

पुसायला सोलापुरी टॉवेलच घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेला टॉवेल आपल्या गावात विणला जातो आणि आपण गाडी बनियनने पुसतो! जुना, मऊ झालेला, स्वच्छ धुतलेला हवा. काठाची जाड शिवण तेवढी रंगाला लागू देऊ नका. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी पत्रा तापतो, बोअरचं पाणी त्यावर सुकलं की पांढरे डाग राहतात. म्हणून धुणं सकाळी, सावलीत.

हे आठवड्यातून एकदा. बाकीचे सहा दिवस? गाडी धुळकट राहू द्या. पार्किंगमध्ये कुणीतरी "काय बे, शेतातून आला का?" म्हणेलच, म्हणू द्या. धुळीवरून कव्हरही घालू नका, वाऱ्याने तेसुद्धा घासतं.

जानेवारीत गड्ड्याला जाल, रात्री उशिरा पिठात लोळवल्यासारखी गाडी घेऊन घरी याल, आणि हात आपोआप सीटखाली जाईल. तशीच लावा. सकाळी आधी मगभर पाणी.