अर्ध्या रक्ताचा हिशेब

हिप-हॉपच्या समीक्षेत 'अस्सल' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. माइक शिनोडाच्या वाट्याला तो बहुधा नकारार्थीच आला. लिंकिन पार्क या रॉक वाद्यवृंदातला रॅप करणारा, उपनगरात वाढलेला, पॅसाडेनाच्या कलामहाविद्यालयात चित्रकला शिकलेला, वडील जपानी-अमेरिकी, आई युरोपीय वंशाची. तंत्र चोख, पण अस्सल नव्हे, असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. त्याचे कौतुक करणारे तर अधिकच वैताग आणतात. त्यांना त्याच्यात पूर्व-पश्चिमेचा संगम दिसतो. दोन नद्या कुठे मिळाल्या हे मात्र कोणी दाखवत नाही. निंदक आणि भक्त दोघेही एकच काम करीत आहेत: गाणे ऐकण्याऐवजी रक्त मोजणे.

अस्सलतेची मागणी मुळातच खोटी होती असे मला म्हणायचे नाही. काळ्या अमेरिकेच्या संगीताची उचलेगिरी करून इतरांनी पैसा कमावल्याचा इतिहास मोठा आहे. १९९० साली व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरने रस्त्यावरचा जो पूर्वेतिहास मिरवला, तो बनावट निघाला होता. अशा वेळी 'तू कोण, कुठला' हा प्रश्न विचारणे हे स्वसंरक्षण असते. दलित साहित्याच्या चर्चेत स्वानुभवाचा हाच आग्रह आपण जवळून पाहिलेला आहे आणि तिथेही तो हिणवण्याजोगा नव्हता. पण 'तू काय भोगलेस, आणि जे भोगले नाहीस ते कोणत्या अधिकाराने सांगतोस' हा प्रश्न वेगळा, आणि 'तुझ्यात किती टक्के काय आहे' हा वेगळा. पहिला वाङ्मयीन आहे. दुसरा कोणाचा, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६ वर सही केली. त्यानंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून उचलून आतल्या छावण्यांत नेण्यात आले. त्यांतले जवळपास दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. कोणाला न्यायचे याचा निकष षोडशांश रक्तापर्यंत खाली गेला होता. मिश्र कुटुंबांसाठी त्याच वर्षी निराळे धोरण निघाले. घरातले वातावरण पुरेसे 'गोरे' असल्याची खात्री पटली, तर काही मुलांना आणि त्यांच्या आयांना छावणीबाहेर पडता येत असे. अर्धे, पाव, षोडशांश हा हिशेब तेव्हा सरकारी कचेरीत चालत होता. साठ-सत्तर वर्षांनी तो संगीताच्या परीक्षणांत निर्धास्तपणे वावरताना दिसतो, याची लाज कोणाला वाटू नये?

शिनोडाचे वडील लहानपणी या छावण्यांतच होते. आता 'केनजी' या गाण्याकडे वळू. नोव्हेंबर २००५ मध्ये शिनोडाने 'फोर्ट मायनर' या नावाने 'द रायझिंग टाइड' ही ध्वनिमुद्रिका काढली. जे-झी तिचा कार्यकारी निर्माता होता. तिच्यातली पुष्कळ गाणी नेहमीच्या बढाईची आहेत आणि ती सरस आहेत असा दावा मी करणार नाही. 'केनजी' मात्र लॉस एंजेलिसमधल्या एका दुकानदाराची गोष्ट सांगते: युद्ध, हुकूम, मॅन्झनारची छावणी आणि परत आल्यावर विद्रूप केलेले घर. गाणे सुरू होते ते शिनोडाच्या आवाजाने नव्हे. त्याच्या वडिलांचा मुलाखतीतला ध्वनिमुद्रित आवाज आधी येतो. आपले वडील जपानहून कसे आले, राबून त्यांनी दुकान कसे उभे केले, हे ते सांगतात. पुढेही मधेमधे रॅप थांबतो आणि वडील व आत्या बोलतात. साधे, न सजवलेले, घरात बोलावे तसे बोलणे. आणि शिनोडा स्वतः? तो आरंभीच सांगून टाकतो की आपण ही गोष्ट स्वप्नाच्या रूपात सांगत आहोत.

ज्याने छावणी पाहिली नाही त्याने छावणी कशी सांगावी, या प्रश्नाला इतके प्रामाणिक उत्तर मी फार थोड्या गाण्यांत ऐकले आहे. 'मी' म्हणण्याचा मोह टाळून त्याने कल्पित पात्र घेतले, ते स्वप्न असल्याचे कबूल केले आणि साक्ष मात्र साक्षीदारांच्याच तोंडी ठेवली. यमकात बसणारे आणि न बसणारे अशी दोन निवेदने एकाच गाण्यात शेजारी उभी राहतात, आणि त्यांच्यातली फट तो बुजवत नाही. स्वानुभव आणि श्रुतानुभव यांतला भेद वर्गात शिकवणाऱ्यांनी हे गाणे एकदा तरी लावावे. शिवाय त्या पात्राचे नाव! माइक शिनोडाचे पूर्ण नाव मायकेल केनजी शिनोडा आहे. मुखपृष्ठावर सहसा न छापले जाणारे मधले नाव त्याने छावणीतल्या माणसाला दिले. ही निवड 'अर्धा' या शब्दात मावत नाही.

त्या ध्वनिमुद्रिकेतली गाजलेली गाणी कोणती? 'व्हेअर्ड यू गो' २००६ मध्ये बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचले. 'रिमेंबर द नेम' खेळांच्या मैदानांवर वाजू लागले. नाव लक्षात ठेवा असे बजावणारे गाणे सर्वतोमुखी झाले आणि ज्यात खरोखर एक नाव होते, ते मागे राहिले. लिंकिन पार्कच्या यशाचेही असेच आहे. २००० सालच्या 'हायब्रिड थिअरी'च्या एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रती गेल्या. तिच्यातल्या वेदनेला गाव नाही, साल नाही, माणसाचे नाव नाही. म्हणूनच ती कोणालाही आपली वाटते. हे कौशल्य कमी प्रतीचे नाही. पण बाजाराने बिनचेहऱ्याच्या दुःखाला डोक्यावर घेतले आणि समीक्षकाने त्याच बिनचेहरेपणावरून गायकाला कृतक ठरवले. मग गायकाने गाव, साल, नाव सगळे दिले, तेव्हा हाच समीक्षक कुठे होता?

माझी तक्रार शिनोडाविरुद्धही आहे. चेस्टर बेनिंग्टनच्या २०१७ मधल्या मृत्यूनंतर आलेली 'पोस्ट ट्रॉमॅटिक' (२०१८) ऐकताना जाणवते की या माणसाला उघड्या आवाजात बोलता येते. २०२४ मध्ये लिंकिन पार्क नव्या गायिकेसह पुन्हा उभे राहिले, हेही चांगलेच झाले. पण 'केनजी'ने दाखवलेली वाट त्याने सोडून दिली. फोर्ट मायनरच्या नावावर २०१५ मध्ये 'वेलकम' हे एक सुटे गाणे आले. दुसरी ध्वनिमुद्रिका काही आली नाही. १९८८ च्या कायद्याने छावण्यांतून वाचलेल्या प्रत्येकाला अमेरिकी सरकारने माफी आणि वीस हजार डॉलर दिले. छावणीत ज्यांनी बालपण घालवले ती माणसे आता नव्वदीकडे झुकली आहेत, आणि ज्याला त्यांचे बोलणे गाण्यात जसेच्या तसे राहू देता येते असा एक रॅपर लॉस एंजेलिसमध्येच राहतो आहे.