गाडीची चावी ‘प्रोग्राम’ करतात म्हणजे नेमकं काय करतात?

२०२२ मध्ये अमेरिकेत टिकटॉकवर एक भलताच ट्रेंड सुरू झाला. किया आणि ह्युंदाईच्या काही गाड्या स्क्रू ड्रायव्हर आणि यूएसबी केबल वापरून कशा पळवता येतात, याचे व्हिडिओ व्हायरल झाले. शाळकरी मुलंही गाड्या चोरू लागली. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं की, या प्रकारांमुळे किमान १४ अपघात झाले आणि ८ जणांचा जीव गेला.

चोरांनी याच गाड्या का निवडल्या? कारण त्यांच्यात इमोबिलायझर नव्हता. आपल्याकडे चावीवाला ज्याला ‘चावी प्रोग्राम करणं’ म्हणतो, तो सगळा खेळ या इमोबिलायझरचाच आहे.

चावीच्या आत काय असतं?

चावीचं धातूचं पातं फक्त कुलूप फिरवतं. खरी ओळख पटवते ती चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात बसवलेली छोटी चिप, म्हणजेच ट्रान्सपाँडर. या चिपला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवती तारेची एक कॉइल असते. चावी आत गेली की या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला वीज मिळते.

मग गाडी चिपला एक आकडा पाठवते, आणि तो दर वेळी वेगळा असतो. चिप आपल्याकडच्या गुप्त कोडने त्यावर प्रक्रिया करून उत्तर देते. गाडीही तेच गणित करून बघते. दोन्ही उत्तरं जुळली तरच इंजिन चालू राहतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

दार उघडण्याचं रिमोटचं बटण ही वेगळी यंत्रणा आहे आणि ती बॅटरीवर चालते. म्हणूनच रिमोटचा सेल संपला तरी साधी चिपवाली चावी फिरवून गाडी सुरू होते.

मग प्रोग्रामिंग म्हणजे काय?

इमोबिलायझरच्या मेमरीत ओळखीच्या चाव्यांची एक यादी असते. नव्या चावीचं नाव या यादीत घालणं, म्हणजे प्रोग्रामिंग. त्यासाठी स्टिअरिंगच्या खाली असलेल्या ओबीडी पोर्टला एक उपकरण जोडतात. बऱ्याच गाड्यांना त्यासोबत पिन किंवा सिक्युरिटी कोडही लागतो. काही मॉडेल्समध्ये आधीच्या दोन चालू चाव्या असतील, तर तिसरी चावी मालक स्वतःही जोडू शकतो.

रस्त्यावर पातं हुबेहूब कापून मिळालं, तरी अशी गाडी सुरू होत नाही, ती यामुळेच. कुलूप फिरतं, पण यादीत नाव नसतं.

अमेरिकेत काय चुकलं?

अमेरिकेच्या ‘हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट’नुसार, २०१५ च्या मॉडेल्सपैकी इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांमध्ये इमोबिलायझर आधीपासूनच बसवलेला होता. ह्युंदाई आणि कियामध्ये हे प्रमाण फक्त २६ टक्के होतं. अमेरिकेच्या कायद्यात त्याची सक्ती नव्हती. शेजारच्या कॅनडात मात्र सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना तो बंधनकारक होता, त्यामुळे तिथे ही युक्ती चालली नाही.

पुढे दोन्ही कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर अपडेट जाहीर केलं. पण जी चिप मुळातच नाही, ती सॉफ्टवेअर कुठून आणणार? त्यामुळे रिमोटने लॉक केलेली गाडी चावीशिवाय सुरू होणार नाही, अशी सोय करण्यात आली आणि अलार्म ३० सेकंदांऐवजी १ मिनिट वाजू लागला. मे २०२३ मध्ये या प्रकरणात सुमारे २० कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. बिघाड झालाच नव्हता, एक छोटा भाग बसवला गेला नव्हता. त्याची ही किंमत.

चिप असली की निश्चिंत व्हायचं का?

नाही. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच एका चिपचा ४० बिटचा कोड फोडून दाखवला होता. २०१३ मध्ये दुसऱ्या एका चिपमधली त्रुटी जगासमोर येऊ नये म्हणून फोक्सवॅगनने ब्रिटनच्या न्यायालयातून मनाई हुकूम आणला. तो शोधनिबंध अखेर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांना वेगळाच धोका आहे. घरातल्या चावीचा सिग्नल उपकरणाने पकडून बाहेर उभ्या गाडीपर्यंत पोहोचवला की, चावी जवळच आहे असं गाडीला वाटतं.

तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

चावी हरवली आणि तुम्ही नवी करून घेतली, म्हणजे काम संपलं असं नाही. अनेक गाड्यांमध्ये नवी चावी जोडली तरी हरवलेल्या चावीचं नाव यादीत तसंच राहतं. ती ज्याच्या हाती पडेल, त्याच्यासाठी गाडी सुरू होणारच. त्यामुळे जुन्या नोंदी काढायला आवर्जून सांगा. काही मॉडेल्समध्ये सगळी यादी पुसून चाव्या पुन्हा नोंदवाव्या लागतात, तेव्हा घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या.

सेकंडहँड गाडी घेताना दोन्ही चाव्या मागा आणि त्याच वेळी यादी नव्याने करून घ्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्याही साधारणपणे दोन्ही मूळ चाव्या मागतात. म्हणून चावी हरवली की पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत जपून ठेवा.