सलामीची तोफ आणि विसरलेली गोळी

१/ कॅरिबियन समुद्रात सिंट युस्टेशियस नावाचे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे डच बेट आहे. ओरान्येस्टाड हे त्यावरचे गाव. कड्यावर किल्ला आणि वस्ती, कड्याखाली समुद्रकाठी जुन्या गोदामांचे भग्नावशेष. या गावाचे नाव इतिहासात एका सलामीमुळे अजरामर झाले. पण त्या कीर्तीत गावाचा अर्धाच इतिहास सामावला आहे.

२/ १६ नोव्हेंबर १७७६. ब्रिटनविरुद्ध उठलेल्या अमेरिकी वसाहतींचा ध्वज लावून ‘अँड्र्यू डोरिया’ हे जहाज बंदरात आले व त्याने तोफांची सलामी दिली. गव्हर्नर योहानेस दे ग्राफ यांच्या आज्ञेने फोर्ट ओरान्येच्या तोफांनी तिला उत्तर दिले. नव्या राष्ट्राच्या ध्वजाला परकीय सत्तेने दिलेला हा पहिला मान समजला जातो.

३/ यामागे स्वातंत्र्यप्रेमापेक्षा व्यापाराचे गणित मोठे होते. बंदर जकातमुक्त आणि डच सत्ता तटस्थ. अमेरिकी बंडखोरांना लागणारी बंदुकीची दारू येथूनच जाई. वर्षाकाठी हजारो जहाजे नांगर टाकीत. ‘सुवर्णखडक’ हे बेटाचे टोपणनाव त्या वैभवातूनच आले.

४/ ब्रिटनने सूड उगवला. ३ फेब्रुवारी १७८१ रोजी ॲडमिरल रॉडनीने बेट जिंकून गोदामे जप्त केली. ज्यू व्यापाऱ्यांच्या कपड्यांची शिवण उसवून पैसा शोधण्यात आला, अनेकांना कुटुंबांपासून तोडून हद्दपार केले गेले. एडमंड बर्क यांनी ब्रिटिश संसदेत याचा जाब विचारला. ज्यूंनी १७३९ मध्ये बांधलेल्या सिनेगॉगच्या भिंती आजही उभ्या आहेत.

५/ मात्र या बाजारपेठेत साखर आणि दारूगोळ्याबरोबर माणसेही विकली जात. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा हा मोठा बाजार होता. स्वतंत्र राष्ट्राचा ध्वज गौरवणारे दे ग्राफ स्वतः मळ्यांचे आणि गुलामांचे मालक होते.

६/ १८४८ मध्ये फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. शेजारच्या सेंट मार्टिनच्या फ्रेंच भागातील गुलाम मुक्त झाल्याची वार्ता येथे पोहोचली. जून महिन्यात टॉमस डुपरसॉय आणि त्याच्या साथीदारांनी गव्हर्नरकडे स्वातंत्र्य मागितले. उत्तरादाखल गोळ्या आल्या. काहींनी प्राण गमावले, म्होरक्यांना कुरासाओला हद्दपार केले गेले. कायद्याने मुक्ती मिळाली ती १ जुलै १८६३ रोजी, म्हणजे १५ वर्षांनी.

७/ १९३९ मध्ये अमेरिकी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सलामीच्या स्मरणार्थ किल्ल्यासाठी स्मृतिफलक भेट दिला. विमानतळालाही त्यांचेच नाव आहे. २०२१ मध्ये त्याच विमानतळालगत उत्खनन करताना गुलामांचे दफनस्थान सापडले. पूर्वजांच्या अस्थी आपल्याला न विचारता का काढल्या जात आहेत, असा प्रश्न बेटवासीयांनी विचारला आणि उत्खनन थांबले.

८/ सलामीचा दिवस बेटावर सणासारखा साजरा होतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु तोफेने दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याला मान दिला. स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी उठलेली माणसे या बेटाची होती. ओरान्येस्टाडचा इतिहास सांगताना १७७६ इतकेच ठळक १८४८ असले पाहिजे.