प्राकारातील फरशी

आमच्या गावच्या देवस्थानच्या महाजनांनी गेल्या महिन्यात माझ्याकडे वकील या नात्याने अभिप्राय मागितला. प्राकारात मुले हुतूतू खेळतात. एखाद्याचा हात मोडल्यास देवस्थान जबाबदार धरले जाईल काय, आणि ‘खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी लावल्यास आपण सुटू काय? अभिप्राय मी दिला. तो महाजनांना रुचला नाही, म्हणून येथे चारचौघांत मांडीत आहे.

याच प्राकारात या महाजनांचे वडील आणि चुलते कासोटा कसून परस्परांवर तुटून पडत. माझ्या आजोबांच्या भुवईवर एक व्रण होता. तो त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने हुतूतूत पाय ओढताना दिलेला. दोघे त्याच रात्री एका पंक्तीला जेवले, आणि पुढे वाटणीच्या वेळी दोघांपैकी एकानेही कोर्टाची पायरी चढली नाही. (आमच्या धंद्याला असली माणसे परवडत नाहीत, हा भाग निराळा.)

कायद्याचा बागुलबुवा तर कोणी दाखवूच नये. 1860 च्या भारतीय दंड विधानातील कलम 87, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 25 म्हणून आले आहे, ते प्रौढांनी संमतीने व सरळपणे खेळलेल्या खेळातील साध्या इजेला अपराध मानीत नाही. दृष्टान्त दिला आहे तोही करमणुकीसाठी तलवार खेळणाऱ्या दोघांचा. मुलांना हे कलम लागू नाही, हे मी लपवीत नाही. तेथे प्रश्न येईल तो नुकसानभरपाईचा, आणि त्यात पाहिले जाईल ते हे, की देवस्थानाने वाजवी काळजी घेतली होती काय. मग महाजनहो, तांबड्या मातीचे अंगण उखडून तेथे गुळगुळीत फरशी कोणी बसविली? मातीवर पडणाऱ्याचा गुडघा फुटतो, फरशीवर पडणाऱ्याचे डोके. धोका आपणच देणगीदारांच्या नावांसह जमिनीत बसवून घेतला आहे.

‘देवाच्या दारी धसमुसळेपणा शोभत नाही’, असे एक वयोवृद्ध सदस्य म्हणाले. त्यांनी माशेलास जावे. देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढ शुद्ध द्वादशीस भजन आटोपताच थोरांपासून पोरांपर्यंत सारे अंगाला तेल चोळून चिखलात उतरतात व एकमेकांस लोळवितात. 2023 साली पर्यटन खात्याने या चिखलकाल्याचा तीन दिवसांचा महोत्सव केला. परक्यांनी कौतुकाने पाहावयाची जी गोष्ट, ती आपल्या पोरांनी केली की अशिष्ट!

जुने सारे सोन्याचे होते, असे माझे म्हणणे नाही. त्या अंगणात मुलींना उतरू देत नसत. कित्येक घरांच्या मुलांना तर कुंपणाबाहेरूनच पाहावे लागे. पाटी लावावयाचीच असेल, तर ‘सर्वांस मोकळे’ अशी लावावी.

अभिप्रायाच्या शेवटी मी लिहिले आहे, की दीपमाळेच्या पश्चिमेची फरशी काढावी, तेथे माती भरावी, आणि खेळाच्या वेळी एक जाणता माणूस हजर असावा. महाजनांनी आता खर्चाचा आकडा विचारला आहे. माझी फी मी त्यात धरलेली नाही.