भिंतीवरची कोळीण चालते, फुटपाथवरची नाही

सीएसएमटीला उतरायचं, फ्लोरा फाउंटन, काळा घोडा, मग कुलाब्यातून ससून डॉक. साडेतीन-चार किलोमीटर. मुंबईचं 'स्ट्रीट आर्ट' बघायला निघालेली माणसं हल्ली साधारण याच वाटेने जातात. मीही एका रविवारी गेले. पाय दुखले, पण त्याहून जास्त डोकं दुखलं. या शहराला रस्त्यावरची कला हवी आहे, फक्त रस्त्यावरची माणसं वगळून.

फ्लोरा फाउंटनपासूनच बघा. इथल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या थप्प्या लागलेल्या असायच्या. खिशात पन्नास रुपये असलेल्या पोराला जगातलं काहीही तिथे हाताला लागू शकत होतं. २००५ साली महापालिकेने त्यातल्या बहुतेकांना उठवलं. थोडे उरलेत, तेही गाडी आली की काय, या धाकात एक डोळा रस्त्याकडे ठेवून भाव सांगतात. आणि हे कुठे, तर हुतात्मा चौकात! ज्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं हे स्मारक, तो लढा अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्यासारख्या शाहिरांनी चौकाचौकांत, मैदानांत उभं राहून लोकांपर्यंत नेला. १९४४ साली सुरू झालेलं त्यांचं लालबावटा कलापथक म्हणजे शब्दशः स्ट्रीट आर्ट. त्याला स्पॉन्सर नव्हता, एवढंच.

पुढे काळा घोडा. घोड्यावर बसलेल्या राजाचा मूळ पुतळा १९६५ साली हलवला, तो आता भायखळ्याच्या राणीबागेत आहे. २०१७ साली इथे नवा घोडा आला, स्वाराशिवाय. लोक त्याच्यासमोर सेल्फी घेतात. घेऊ देत, माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं पलीकडच्या फुटपाथबद्दल आहे. १९५२ साली उभ्या राहिलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर चित्रकार आपली चित्रं मांडून उभे असतात. माझ्या पुढे एक तिकीटवाला 'वॉक' चालला होता. कॉलरला माइक लावलेल्या गाइडने वीस जणांना त्या चित्रकारांसमोरून नेलं आणि थांबवलं थेट पुढच्या रंगवलेल्या भिंतीपाशी. "इथे फोटो छान येतो." एकानेही मागे वळून चित्राची किंमत विचारली नाही. एम. एफ. हुसेन उमेदीच्या काळात याच शहरात सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते. ते आज शिडीवर दिसले असते, तर त्या गाइडने त्यांनाही फ्रेममधून बाजूला व्हायला सांगितलं असतं.

मग ससून डॉक. १८७५ सालचा हा धक्का. २०१७ साली इथल्या गोदामांत मोठा कला महोत्सव झाला, भिंती रंगल्या, कोळी बायकांचे भलेमोठे चेहरे उमटले. चित्रं सुंदर होती. काढणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण चारच वर्षांनी, २०२१ मध्ये, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज मंडईतून मासळीचा बाजार ऐरोलीला हलवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा कोळणींना रस्त्यावर उतरावं लागलं. पहाटे ससून डॉकवर मासळी उचलायची आणि विकायला खाडीपलीकडे जायचं? भिंतीवरच्या कोळणीला वास येत नाही, ती भांडत नाही, जागाही मागत नाही. म्हणून ती संस्कृती. टोपलीवाली मात्र अतिक्रमण.

"मग चालायचं कुठून?" हा प्रश्न येणारच, आणि दादर स्टेशनबाहेर संध्याकाळी तो मलाही पडतो. पण त्या रविवारी मला पुस्तकवाल्याने एकदाही रस्त्यावर उतरवलं नाही. उतरवलं ते फुटपाथवर लावलेल्या बाइक्सनी, खोदून तसंच सोडलेल्या खड्ड्यांनी आणि एका हॉटेलच्या कुंड्यांनी. त्यांच्यावर गाडी आलेली मी तरी पाहिली नाही.

यावर कायदा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र, विक्रीच्या जागा ठरवणं, फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींसह समिती, सगळं लिहिलेलं आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवू नये, हेसुद्धा. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या भिंतीच्या उद्घाटनाला नगरसेवक रंगाचा ब्रश हातात घेऊन उभा दिसला, तर रील जरूर काढा. फक्त कॅमेरा चालू असतानाच त्याला विचारा, की या वॉर्डात विक्रीच्या जागा कुठे ठरल्या आहेत आणि त्यांची यादी कुठे बघायला मिळेल.