बार किती इंची, हे ग्रामसभा ठरवील



सामूहिक वनहक्काचा कागद हातात आलेल्या गावांत आता एक नवी चर्चा सुरू झाली आहे. गावाने लाकूड कापायची मशीन घ्यायची का? घ्यायची तर केवढ्या बारची? तरुण पोरं म्हणतात, छत्तीस इंची घ्या, मोठ्या झाडाला मोठा बार. दुकानदारही तेच म्हणतो, कारण त्याला महागडी मशीन खपवायची आहे. आणि जंगलावर डोळा ठेवून बसलेला व्यापारी तर म्हणतो, पैशाची काळजी करू नका, मशीन मी देतो.

या लेखात आम्ही या तिघांच्या विरोधात बोलणार आहोत. आमचं म्हणणं असं की मशीन घ्यायला हरकत नाही, पण बारची लांबी दुकानात ठरत नाही. ती गावात ठरते आणि झाडाच्या घेरावरून ठरते. घेराची मर्यादा ग्रामसभा ठरवते.

आधी हिशोब समजून घ्या

बार म्हणजे ज्याच्या कडेने चेन फिरते ती लोखंडी पट्टी. तिची लांबी इंचात सांगतात. मशीनच्या तोंडापासून पट्टीच्या टोकापर्यंत जेवढी उघडी आहे तेवढीच कापायच्या कामाची. मशीनच्या आत गेलेला भाग मोजायचा नाही.

आता झाड. छातीएवढ्या उंचीवर बुंध्याला दोरी गुंडाळा. जेवढी दोरी लागली तो घेर. घेराला तीनने भागलं की झाडाची जाडी आली. नेमकं भागायचं तर तीनपेक्षा थोडं जास्त, पण गावातल्या हिशोबाला तीन पुरे. जाडीत दोन इंच मिळवले की एका बाजूने सरळ कापायला लागणारा बार मिळाला.

चार फूट घेर म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. तीनने भागले तर सोळा. दोन मिळवा, अठरा इंची बार. सहा फूट घेराला चोवीस आणि दोन, म्हणजे सव्वीसच्या आसपास. नऊ फूट घेराला छत्तीस इंची बारही जेमतेम. एवढं गणित आपल्या चौथीच्या पोरालाही येतं. ठेकेदार मात्र ते आपल्यापुढे कधीच करत नाही.

आता हाच हिशोब उलटा करा. कूपात, रस्त्याच्या कामावर किंवा धरणाच्या बुडीत क्षेत्रात मशीन आली की बार बघा. छत्तीस इंची बार घेऊन कोणी चार फूट घेराची झाडं कापायला येत नाही. बारची लांबी बघितली की कोणत्या झाडांवर नजर आहे ते कळतं. साहेब तोंडाने म्हणतो, "फक्त वाळलेली, वेडीवाकडी काढणार." त्याच्या मशीनचा बार वेगळंच सांगत असतो.

पण एक भूल पाडू नका. छोटा बार आणला म्हणजे मोठं झाड वाचलं, असं समजू नका. दोन्ही बाजूंनी कापत गेलं तर अठरा इंची बारने तीस इंच जाडीचं झाडही पाडता येतं. म्हणून नुसता बार बघून निर्धास्त होऊ नका. झाडं मोजा, शिक्के मोजा.

लांब बार म्हणजे मर्दानगी नव्हे

काही पोरांना वाटतं, लांब बारची मशीन खांद्यावर टाकली की माणूस मोठा झाला. साथींनो, जरा थांबा.

बारच्या लांबीला इंजिनाची ताकद लागते. पन्नास सी.सी.च्या मशीनला सोळा ते वीस इंचांचा बार झेपतो. छत्तीस इंची बारला नव्वद सी.सी.च्या आसपासचं इंजिन लागतं. लहान मशीनचं वजन बारशिवाय पाच किलोच्या आसपास, मोठीचं सात-साडेसात किलो. त्यावर बार, चेन, तेल आणि पेट्रोल. दिवसभर डोंगरउतारावर ती पेलायची कोणी? ठेकेदाराने नाही, आपल्या पोराने.

ठेकेदार पैसे वाचवायला काय करतो? लहान इंजिनाला लांब बार बसवतो. मग चेन संथ चालते, कापायच्या जागी घासते, तेल टोकापर्यंत नीट पोचत नाही, बार तापतो. माणूस जोर लावून मशीन दाबतो. इथेच घात होतो. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग फांदीला, दगडाला किंवा शेजारच्या झाडाला टेकला, तर मशीन एका क्षणात उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे, मानेकडे येते. बार जेवढा लांब तेवढं त्याचं टोक आपल्या नजरेपासून दूर. झाडाच्या पलीकडे ते कशाला टेकलं ते दिसतसुद्धा नाही.

म्हणून मजुरीवर जाणाऱ्यांना आमचं सांगणं आहे. चेन ब्रेक चालत नसेल त्या मशीनला हात लावू नका. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानाला बंद, पायाला जाड कपड्याचं संरक्षण आणि बूट ही भीक नाही, कामाची अट आहे. चपला घालून मशीन चालवायला लावणारा ठेकेदार पाय गेल्यावर ओळखसुद्धा देत नाही. मजुरीच्या बोलीत या वस्तू लिहून घ्या. एकट्याने मोठं झाड कधी कापू नका. झाड पडायच्या उलट बाजूला, तिरकी पळवाट आधी साफ करा. बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभं राहायचं. पडायच्या बाजूला आधी खाच घ्यायची, मग मागून कापायचं, आणि मधे जाडीच्या दहाव्या भागाएवढं लाकूड बिजागरीसारखं ठेवायचं. ही बिजागरी झाडाला दिशा देते. ती पूर्ण कापली की झाड कुठे जाईल ते कोणाच्या हातात राहत नाही.

आणि म्हातारी झाडं? जुना मोह बाहेरून धडधाकट दिसतो, आत कितीदा पोकळ असतो. पोकळ झाडाची बिजागरी धरत नाही. बुंधा उभा चिरतो आणि मागे फेकला जातो. लाकूड हाताला थोडं, जिवाचा धोका मोठा. त्यासाठी छत्तीस इंची बार?

कुऱ्हाडबंदी आमची, मशीन त्यांची

आता मूळ भांडणाकडे येऊ. जंगल खात्याने गावोगाव पाट्या लावल्या: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. आमच्या बाईने डोक्यावर सरपणाची मोळी आणली तर तिचा कोयता जप्त. 1927 च्या भारतीय वन कायद्यात कलम 26 आहे, राखीव जंगलात झाड तोडणं गुन्हा. कलम 52 आहे, गुन्ह्यातली हत्यारं, गाडी, बैल जप्त. हा कायदा इंग्रजांचा. इंग्रजांनी जहाजांना साग नेला, रेल्वेच्या रुळांखाली स्लीपर टाकले आणि वर चोर आम्हाला ठरवलं.

इंग्रज गेले. 1974 साली महाराष्ट्रात वन विकास महामंडळ आलं. त्याने मिश्र जंगल साफ तोडायचं आणि सागाच्या रांगा लावायच्या, याला विकास म्हटलं. मोह, चार, हिरडा, बेहडा, ऐन गेले. सागाच्या रांगेत गुरांना काय, माणसाला काय? तेव्हा कोणत्या पाटीवर लिहिलं होतं, मशीनबंदी?

2006 चा वनहक्क कायदा आपण लढून मिळवला. पण त्यातही एक गंमत बघा. कायद्याने गौण वनोपजावर आपली मालकी मानली. त्या यादीत बांबू आहे, तेंदूपत्ता आहे, मध आहे, आणि खुंटसुद्धा आहे. इमारती लाकूड नाही. म्हणजे झाड खात्याचं आणि खुंट आमचं! ही वाटणी कोणी केली ते ज्याचं त्याने ओळखावं.

तरी या कायद्यात आपल्या हाती एक खरी ताकद आहे. कलम 3 मध्ये सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्क आहे. कलम 5 ने ग्रामसभेला जंगल राखायचा, आणि जंगलाला बाधा आणणारी कामं थांबवायचा अधिकार दिला आहे. मेंढा-लेखाने 2009 साली हक्क मिळवला आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती घेऊन दाखवला. अधिकार असा वापरून घट्ट होतो. वापरला नाही की गार्ड पुन्हा येऊन बसतो.

"ते तोडतात, मग आपण का नाही?"

हा प्रश्न बैठकीत हमखास येतो आणि रागाने येतो. राग खरा आहे. खात्याने डोंगर उघडे केले, आणि आता नियम आम्हीच पाळायचे का?

याचं पहिलं उत्तर कायद्याचं. गावाने मोठा साग पाडून व्यापाऱ्याला दिला की केस गावावर, मशीन जप्त, व्यापारी नामानिराळा. आणि दुसऱ्या दिवशी खातं वर्तमानपत्रात छापून आणतं, बघा, आदिवासींना हक्क दिला की जंगल संपतं. आपल्या दाव्यांच्या फायली अडवायला त्यांना एवढं निमित्त पुरतं.

दुसरं उत्तर पोटाचं. उभा मोह दरवर्षी फुलं देतो, बिया देतो. पाडलेला मोह एकदाच पैसे देतो, आणि त्यातले मोठे पैसे व्यापाऱ्याला. मालकीच्या शेतातल्या झाडांचीही हीच गोष्ट. आदिवासी खातेदाराची झाडं व्यापाऱ्यांनी मातीमोल भावाने लुटली म्हणून 1969 साली महाराष्ट्रात वेगळा कायदा करावा लागला. तरी आजही व्यापारी उसनवारीच्या बदल्यात झाडं बोलून ठेवतो. ज्याची मशीन त्याचं झाड, असं होतं. म्हणून व्यापाऱ्याची फुकटची मशीन गावात येता कामा नये. फुकटच्या मशीनचे पैसे आपल्या जंगलातून वसूल होतात.

तिसरं उत्तर आपल्या लढ्याचं. आपण म्हणतो, जंगल आमचं. ज्याचं असतं तो राखतो आणि राखायचे नियम स्वतः करतो. कुऱ्हाडबंदीची पाटी खात्याने लावली म्हणून ती अपमानाची. तीच मर्यादा ग्रामसभेने, बाया-बापड्यांच्या पूर्ण बैठकीत, हात वर करून ठरवली तर ते आपलं राज्य.

मग मशीन कशाला?

मशीनची गरज आहे, हे आम्ही नाकारत नाही. वादळात पडलेली झाडं, वाटेवर आडवी आलेली खोडं, निस्ताराचं लाकूड, घराच्या वळया आणि खांब. कुऱ्हाडीने दोन दिवस जातात ते काम तासाभरात होतं, आणि लाकूडही कमी वाया जातं. या कामांना अठरा इंची बार भरपूर झाला. मोठं झाड आडवं पडलेलं असेल तर घाई नसते. एका बाजूने कापा, ओंडका फिरवा, दुसऱ्या बाजूने कापा. घरावर कललेलं मोठं झाड असेल तर तो वेगळा विषय. ठराव करा, परवानगी घ्या, जाणत्या माणसाला बोलवा.

याच्यापुढे जो कोणी चोवीस, तीस, छत्तीस इंची बार मागेल त्याला भर सभेत एकच प्रश्न विचारा: कोणतं झाड? झाडाचं नाव सांग, जागा सांग, घेर सांग. ज्याला झाड सांगता येत नाही त्याला बार मिळणार नाही. आणि झाड सांगितलं तर ते पाडायचं की राखायचं, हे सगळा गाव ठरवील.

प्रत्येक ग्रामसभेने घ्यायचे ठराव

1. उभ्या झाडाच्या घेराची मर्यादा गाव ठरवील. आमची सूचना चार फुटांची आहे. त्यावरचं उभं झाड तोडायचं नाही. मोह, चार, हिरडा, बेहडा आणि देवराईतली झाडं कोणत्याही घेराची असोत, तोडायची नाहीत.

2. गावाची मशीन अठरा इंची बारची. ती ग्रामसभेच्या पैशांनी घ्यायची आणि ग्रामसभेच्या नावावर ठेवायची. तिची बिलं जपून ठेवायची. व्यापारी, ठेकेदार, पुढारी यांच्याकडून मशीन घ्यायची नाही.

3. मशीन कधी, कोणी, कशासाठी नेली याची वही कलम 5 च्या समितीकडे राहील. समितीत बाया निम्म्या असाव्यात, कारण सरपण आणि मोहफुलं त्याच वेचतात आणि कोणतं झाड कुठे उभं आहे ते त्यांना पाठ आहे.

4. बाहेरची मशीन शिवारात आली तर आधी कागद बघायचा. रस्ता, शाळा, अंगणवाडी, तलाव अशा कामांना वनहक्क कायद्यात ग्रामसभेची शिफारस लागते, जागा एक हेक्टरच्या आत लागते आणि हेक्टरी 75 च्या वर झाडं तोडता येत नाहीत. झाडं मोजूनच शिफारस द्यायची.

5. तोड झाली तर पंचनामा आपणही करायचा. प्रत्येक खुंटाचा घेर, त्यावर हातोड्याचा शिक्का आहे की नाही, मशीन किती, बार किती इंची, तारीख आणि पंचांच्या सह्या. शिक्का झाडाच्या बुडाशीही मारायचा असतो, म्हणजे झाड गेलं तरी खुंटावर तो दिसायला हवा. शिक्का नाही तो खुंट चोरीचा. मग तो कोणीही पाडलेला असो, साहेबाने किंवा आपल्या भावाने.

येत्या ग्रामसभेला येताना प्रत्येक पाड्याने एक दोरी आणावी आणि आपल्या हद्दीतल्या मोठ्या झाडांचे घेर मोजून आणावेत. ती यादी ठरावाला जोडायची आहे. यादीतलं झाड उद्या कोणी पाडलं तर आपल्या हातात पुरावा राहील.

जंगल आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं!